उजव्या हाताची भीती

"मामा, पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते ना?"

माझी भाची एकोणीस वर्षांची. लर्निंग लायसन्स हातात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मोटारसायकलवर बसली होती, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला, पण उजव्या हाताची चारही बोटं मुठीला घट्ट आवळलेली. लिव्हरवर एकही बोट नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात. पप्पाही सांगतात, पायाचाच ब्रेक मारायचा म्हणून."

आमच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. रविवारी सकाळी काँक्रीट केलेला बाजारतळ रिकामा असतो. तिथं मी एक वीट ठेवली आणि तिला म्हटलं, चाळीसच्या वेगाने ये, विटेपाशी आलीस की तुझ्या पद्धतीने थांब. ती आली, पायाचा ब्रेक जोरात दाबला. मागचं चाक जाम झालं, चर्रर्र आवाज करत डावीकडे सरकलं, काँक्रीटवर टायरचा काळा पट्टा उमटला. विटेपासून गाडीपर्यंत मी पावलं मोजली: 25. त्यानंतरचे चार रविवार आम्ही फक्त तिच्या उजव्या हातावर घालवले. चौथ्या रविवारी तीच गाडी, तोच वेग, तीच वीट, आणि पावलं 14. मधल्या 11 पावलांच्या जागेत दोन छोट्या मोटारी एकामागे एक उभ्या राहतील. शाळेसमोर अचानक आडवं आलेलं पोर वाचतं की नाही, हे तेवढ्याच जागेत ठरतं.

"पुढचा ब्रेक लावू नको" हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि तो मायेपोटीच दिला जातो. गाडीची किल्ली देताना वडील सांगतात, थोरला भाऊ सांगतो. त्यांच्या अनुभवात तो खराही असतो. कुणी सायकलवर उतारावर पुढचा ब्रेक कचकन दाबून हँडलवरून पुढे पडलेला असतो. कुणी लहान चाकांच्या जुन्या चेतकवर शिकलेला असतो, त्या स्कूटरचा भरवशाचा ब्रेक म्हणजे उजव्या पायाखालचा. कुणी खडीवर, हँडल वळलेलं असताना, घाबरून लिव्हर आवळलेला असतो. पडायला झालं ते झटक्यामुळे किंवा वळलेल्या हँडलमुळे, पण आळ आला पुढच्या ब्रेकवर. मग तो लिव्हर वर्षानुवर्षं नुसता शोभेला राहतो, आणि जिवावर बेततं त्या क्षणी हाताला तो आठवत नाही, किंवा आठवतो तो घाबरलेल्या मुठीला. दोन्हींत घात आहे.

एसटीत उभं राहून प्रवास करताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. मोटारसायकलचंही तसंच होतं. ब्रेक लागताच गाडीचा आणि तुमचा भार पुढच्या चाकावर येतो. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक मात्र हलकं होतं, आणि हलक्या चाकाला धरायला रस्ता उरत नाही, म्हणून पाय जोरात दाबला की ते लगेच जाम होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याच्या ताकदीतला साधारण 70 टक्के किंवा त्याहून जास्त वाटा पुढच्या ब्रेकचा असतो. ज्यांनी पुढचा ब्रेक सोडून दिला, त्यांनी आपल्या गाडीचा मुख्य ब्रेकच सोडून दिला आहे.

फक्त हा भार पुढे यायला क्षणभर लागतो. तो येण्याआधीच लिव्हर आवळला तर पकड वाढायच्या आत चाक जाम होतं आणि गाडी हातातून जाते. म्हणून दाबण्याची रीत महत्त्वाची. भाचीला ती समजेना, तेव्हा मी तिला घरच्या गोठ्याची आठवण दिली. धार काढणारा हात सडाला हिसका देत नाही. आधी नुसतं धरतो, मग दाब वाढवत नेतो. हिसका दिला तर गाय लाथ मारते. पुढचा ब्रेक अगदी तसाच हाताळायचा. पहिला स्पर्श हलका, पुढचा फोर्क किंचित खाली बसतोय हे जाणवलं की मग दाब वाढवत न्यायचा, जोरात दाबायचं असेल तरी वाढवतच. हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदात घडतं, पण त्यातला क्रम चुकता कामा नये. गाडी थांबत आली की दाब तसाच अलगद कमी करायचा, म्हणजे शेवटचा गचका बसत नाही.

आता सगळं एकत्र. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद. हात आणि पाय एकाच वेळी ब्रेकवर. पाय बेताचा, हात वाढता. गुडघे टाकीला दाबून धरलेले, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही. कोपर थोडे सैल. हँडल सरळ. नजर वर, समोर दूर. पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल जातो. आणि क्लच सगळ्यात शेवटी, इंजिन बंद पडेल असं वाटलं की मग. आपल्याकडे बहुतेक जण घाबरले की आधी क्लच धरतात. त्याने इंजिनची जी आपोआप ओढ मिळत असते ती सुटते आणि गाडी मोकळी पळते.

थांबायला किती जागा लागते, याचा आपला अंदाज फार कच्चा असतो. धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात 60 च्या वेगाने गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगल्या कोरड्या डांबरावर, दोन्ही ब्रेक नीट लावून, अजून 24 मीटरच्या आसपास. म्हणजे एकूण 40 मीटरच्या वर. 40 च्या वेगाला हाच हिशेब 21-22 मीटरचा आणि 80 ला 64 मीटरच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला, जागा तिप्पट लागली. त्यातला ब्रेकचा भाग तर चौपट होतो. हे आकडे सरावलेल्या हाताचे आहेत. मोबाइलवर बोलत चाललेल्याचा पहिला एक सेकंदच दोन-तीन सेकंदांचा होतो.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं यासाठी मीटर मोजत बसायची गरज नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. ते म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार चिकटून चालला आहात. पाऊस असेल किंवा मागे माणूस बसलेलं असेल तर चारपर्यंत मोजा. शहरात मध्ये जागा ठेवली की तिथे रिक्षा घुसते, हे खरं आहे. घुसू द्या, आणि पुन्हा मागे राहा.

चाक जाम झालंच तर काय करायचं, हे आधी डोक्यात पक्कं असायला हवं, कारण तेव्हा विचाराला वेळ नसतो. पुढचं चाक जाम झालं, हँडल हलकं-हलकं लागायला लागलं, तर बोटं त्याच क्षणी सैल करा आणि पुन्हा हलक्याने दाबा. मागचं चाक घसरायला लागलं आणि गाडी अजून सरळ असेल तर पाय हलका करा. पण मागचं चाक बरंच बाजूला गेलं असेल तर पाय एकदम सोडू नका. चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी झटक्याने सरळ होते आणि चालवणाऱ्याला पलीकडे फेकते. तसं झालं तर पाय तसाच ठेवा, नजर जिकडे जायचं तिकडे ठेवा आणि गाडी थांबू द्या.

1 एप्रिल 2019 पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या, 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस बंधनकारक झालं, आणि 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस. दोन्ही कामाच्या सोयी, पण त्यांच्याबद्दल गैरसमज फार. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. जोरात ब्रेक लागला की लिव्हर बोटांखाली थरथरतो, टकटक करतो. पहिल्यांदा असं झालं की अनेक जण दचकून ब्रेक सोडून देतात. सोडू नका, ती यंत्रणा तिचं काम करते आहे. बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तरीही घसरू शकतं. खडीवर आणि मातीवर एबीएसमुळे थांबायची जागा कमी होत नाही, उलट थोडी वाढूही शकते. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक, किंवा स्कूटरला डाव्या हाताचा लिव्हर, दाबला की थोडा पुढचा ब्रेकही आपोआप लागतो. थोडाच. म्हणून स्कूटर चालवणाऱ्या ताईंना आणि काकूंना माझं कळकळीचं सांगणं आहे की डाव्या हातावर भागवू नका, उजवा लिव्हरही सोबतीने दाबायची सवय लावा.

सरावासाठी मातीचं मैदान नको. कोरडं, स्वच्छ, सपाट काँक्रीट किंवा डांबर हवं, आणि कडेला कुणीतरी लक्ष ठेवणारं. आधी 20 च्या वेगाने फक्त पुढचा ब्रेक, हँडल सरळ, दहा वेळा. मग दोन्ही ब्रेक. मग 30, मग 40. हात घाबरला की तिथेच थांबा, पुढच्या दिवशी पुन्हा. ज्यांना वीस वर्षं गाडी चालवता येते त्यांनीही वर्षातून एखाद्या सकाळी, पावसाळ्याआधी, हे करावं. आणि रोज चौकात, शाळेपाशी, भाजीबाजारात शिरताना दोन बोटं लिव्हरवर नुसती टेकवून ठेवावीत. पुढे डिस्क नसून ड्रम ब्रेक असेल तर दोन बोटांचा जोर पुरत नाही, चारही लागतात.

आता घाट. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट मी किती वेळा चढलो-उतरलो याची गणती नाही, आणि आजही उतरताना मी चढतानापेक्षा जास्त सावध असतो. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. त्यात सगळं आलं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक फक्त वळणाआधी वेग मोडायला लागतो. त्याऐवजी पेट्रोल वाचवायचं म्हणून न्यूट्रल करून, काही जण तर इंजिन बंद करून, उतरतात. मग सगळा भार ब्रेकवर. दहा किलोमीटर सतत घासून ड्रम इतका तापतो की लायनरची पकडच कमी होते. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर मऊ होऊन मुठीला येऊन टेकतो. शिवाय पेट्रोलही वाचत नाही. 2020 पासूनच्या बहुतेक बीएस-6 गाड्या इंजेक्शनवर चालतात. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर बंद असेल तर इंजिनला जाणारं पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं.

गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनची ओढ फार कमी मिळते, आणि अगदी हळू झाली की तीही सुटते. त्यामुळे स्कूटरवर घाट उतरताना ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग मोडायचा, सोडायचा, पुन्हा मोडायचा, आणि मध्ये एक-दोनदा कडेला मोकळ्या जागी दहा मिनिटं थांबायचं. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी मात्र ओतू नका, धातू वाकतो, चिरतो.

वळणाचा ब्रेक वळणाआधी लावायचा असतो, गाडी सरळ असताना. गाडी आडवी झाली की टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी फारशी उरत नाही. तरीही अंदाज चुकून वळणात वेग जास्त झालाच, तर लिव्हर आवळू नका. जागा असेल तर गाडी क्षणभर सरळ करून ब्रेक लावा. जागा नसेल तर नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा आणि गाडी थोडी अजून झुकवा. आपल्याला वाटतं त्याहून जास्त गाडी झुकू शकते. नजरेचं महत्त्व पसरणी घाटात फार कळतं. एका बाजूला धोम धरणाचं पाणी दिसतं, डोळे तिकडे जातात, आणि डोळे गेले की गाडीही तिकडेच सरकते. पाणी पाहायचं असेल तर गाडी थांबवून पाहा. उजवीकडच्या आंधळ्या वळणावर आपल्या बाजूलाच राहा, मधल्या पट्ट्याला चिकटू नका. समोरून येणारा टेंपो वळण कापत आला तर तुमचं डोकं त्याच्या आरशाच्या रेषेत येतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, तो नियमही आहे आणि शहाणपणही.

उताराचा विषय निघाला म्हणून पुण्याजवळच्या एका जागेबद्दल सांगतो. बाह्यवळण मार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार अपघातांसाठी सगळ्यांना माहीत आहे. भरलेल्या ट्रकचे ब्रेक तिथे उतरून-उतरून निकामी होतात, काही ट्रक न्यूट्रलमध्येच येतात. अशा उतारावर तुमचा ब्रेक कितीही चांगला असला तरी प्रश्न मागच्याचा असतो. भरलेल्या ट्रकच्या पुढ्यात राहू नका, त्याला पुढे जाऊ द्या. रांगेत शेवटी थांबायची वेळ आली तर पहिला गिअर टाकून ठेवा, डावीकडे निसटायला जागा ठेवा आणि मागून येणारी गाडी थांबेपर्यंत डोळे आरशातून हलवू नका. आरसे आत वळवलेले किंवा काढून ठेवलेले असतील तर हे शक्यच नाही. कितीतरी नव्या गाड्यांचे आरसे पहिल्याच आठवड्यात घरी कपाटात जातात, ते पाहून जीव तुटतो.

पाऊस. जूनमधला पहिला पाऊस मातीच्या वासाने जितका हवासा वाटतो तितकाच गाडीवर जीवघेणा. आठ महिने रस्त्यावर साचलेलं ऑइल, धूळ, टायरची भुकटी हे सगळं पहिल्या सरीने भिजतं आणि त्याचा बुळबुळीत थर होतो. पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट. शक्य असेल तर चहाच्या टपरीवर थांबा आणि रस्ता धुऊन जाऊ द्या. ओल्या रस्त्यावर थांबायची जागा सहज दीडपट-दुप्पट होते, म्हणून ब्रेक लवकर सुरू करा आणि हलका ठेवा; पण पुढचा ब्रेक सोडू नका. पाऊस आला म्हणून पुन्हा नुसत्या पायावर येणारे बरेच आहेत, आणि ओल्यात मागचं चाक तर आणखी लवकर जाम होतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणं, पुलांचे लोखंडी सांधे, रेल्वे फाटकातले रूळ हे पावसात साबणासारखे होतात. त्यांच्यावर ब्रेक नाही, वळण नाही. सरळ, सावकाश पार व्हा. रूळ तिरके असतील तर शक्य तितके काटकोनात ओलांडा. मे महिन्यात गुलमोहराखाली पडलेल्या पाकळ्यांचा सडाही पावसाच्या शिडकाव्याने असाच निसरडा होतो.

कोकणात आणि मावळात जुलैमध्ये चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर शेतातून डांबरावर येतात, आणि त्यांच्या चाकांचा लाल चिखल वळणावर पसरलेला असतो. शेताच्या वाटा जिथे रस्त्याला मिळतात तिथे आधीच वेग कमी करा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक ओले होतात आणि पहिल्यांदा दाबल्यावर जवळजवळ लागतच नाहीत, ड्रम तर हमखास. पाण्यातून बाहेर आलं की सावकाश चालवत दोन्ही ब्रेक हलके दाबत शंभर-दोनशे मीटर जा, म्हणजे ते सुकतात. पुलावरून पाणी वाहत असेल तर तिथे ब्रेकचा प्रश्नच नाही. थांबा, मागे फिरा.

दिवाळीनंतर आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वेगळाच धोका. गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. डिपरचा उजेड जेमतेम तीस-चाळीस मीटर पडतो आणि 60 च्या वेगाला थांबायला चाळीसच्या वर लागतात, हे आत्ताच पाहिलं. म्हणजे डिपरवर 60 ने जाणारा माणूस डोळे मिटूनच चालला आहे. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यांवर आला तर तो पार होईपर्यंत वेग कमीच ठेवा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर. रात्री आपल्याला जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. उसाच्या पट्ट्यात तर रात्री 40 च्या वर जाऊच नये, असं माझं मत आहे.

गतिरोधक आणि खड्डा यांच्यासाठी एकच गोष्ट: ब्रेक आधी, आणि चाक त्यावर चढायच्या क्षणी ब्रेक सोडलेला. ब्रेक दाबलेला असताना फोर्क आधीच खाली बसलेला असतो, मग धक्का सरळ हातांत आणि कमरेत येतो. कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक लावा, गाडी हिसकून बाजूला घेऊ नका. त्याला चुकवताना लोक समोरच्या गाडीखाली जातात.

मागे माणूस बसलं की गाडीचा स्वभाव बदलतो. थांबायला जागा जास्त हवी. मागच्या चाकावर भार असल्याने पायाचा ब्रेकही नेहमीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. टायरची हवा थोडी जास्त लागते, किती ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. साडीचा पदर आणि ओढणी बसण्याआधीच आवरून खोचायला सांगा. पोराला टाकीवर बसवून नेऊ नका, ब्रेक लागला की ते हँडलवर आदळतं. 2022 मध्ये काढलेल्या आणि पुढच्या वर्षी लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधलेलं असावं, त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट असावं आणि वेग ताशी 40 च्या वर नसावा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत 50 हजारांच्या वर होते. आयएसआय मार्क पाहून घ्या, पट्टा हनुवटीखाली लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आदळण्याआधीच उडून जातं.

गाडीच्या देखभालीत लोक ऑइल बदलतात, गाडी धुतात, आणि ब्रेककडे आवाज येईपर्यंत बघत नाहीत. आठवड्यातून पाच मिनिटं पुरतात. डिस्क असेल तर उजव्या मुठीजवळ ब्रेक ऑइलची छोटी काचेची खिडकी असते. तेल खालच्या खुणेच्या वर हवं. ते फिकट पिवळं असावं. चहासारखं काळपट झालं की बदला. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं, म्हणून रंग ठीक दिसला तरी दर दोन वर्षांनी बदलावं. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिलेलं असतं तेच, आणि सीलबंद बाटलीतलंच. इंजिन ऑइल त्यात चुकूनही जाऊ देऊ नका, आतले रबर सील फुगून ब्रेकच निकामी होतो. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. पॅडवर मध्ये खाच असते. ती दिसेनाशी झाली की पॅड संपले. खर्रर्र असा धातूवर धातू घासल्याचा आवाज यायला लागला तर डिस्कही खराब व्हायला लागली आहे.

ड्रम ब्रेकला चाकापाशी एक छोटा काटा असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर काटा खुणेच्या बाहेर गेला की लायनर बदला. लिव्हरच्या टोकाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर आणि पायाच्या ब्रेकला दोन-तीन सेंटीमीटर मोकळी हालचाल हवी. अचूक माप गाडीच्या पुस्तकात असतं. ब्रेक फार ओढून घट्ट केला तर तो चिकटून राहतो आणि तापतो. गाडी मधल्या स्टँडवर लावून चाक हाताने फिरवून पाहा, मोकळं फिरलं पाहिजे. एक गोष्ट मेकॅनिकही कधीकधी विसरतात. चेन घट्ट करताना मागचं चाक मागे सरकतं, त्यामुळे मागच्या ब्रेकचं माप बदलतं. चेन घट्ट केली की ब्रेक पुन्हा बघायचाच. माझ्या गाडीची चेन एकदा घट्ट करून आणली आणि घरी येईपर्यंत मागच्या ड्रमला हात लावता येईना इतका तो तापला होता.

गाडी धुऊन आणली की अजून दोन गोष्टी. चेनला मारलेला ऑइलचा फवारा डिस्कवर किंवा टायरवर उडालेला नाही ना, हे पाहा. आणि टायर चमकवायला लावतात ते पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लावू देऊ नका, पहिल्याच वळणावर घसराल. नवा टायर टाकल्यावरही पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो. ब्रेकचा दिवा बघायला मागे कुणी लागत नाही. संध्याकाळी गाडी दुकानाच्या शटरकडे पाठ करून लावा, लिव्हर दाबा, मग पायाचा ब्रेक दाबा, दोन्ही वेळा शटरवर लाल उजेड वाढला पाहिजे. हाताच्या ब्रेकचा दिवा बंद असलेल्या गाड्या खूप असतात आणि मालकाला पत्ताच नसतो.

शेवटचं, दुसऱ्याच्या गाडीबद्दल. लग्नाघरी, शेतावर, कॉलेजात "जरा गाडी दे, लगेच येतो" हे रोजचंच. पण प्रत्येक गाडीचा ब्रेक वेगळ्या जागी लागतो. एखाद्याचा लिव्हर बोट लावताच पकडतो, एखाद्याचा मुठीपर्यंत येतो. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. सवयीने उजवा पाय खाली गेला तर ब्रेकऐवजी गिअर पडतो. भाचीला मी आता कुणाचीही गाडी घेऊ देतो, पण एका अटीवर. निघाल्यावर पहिल्या वीस मीटरमध्ये, पंधराच्या वेगाला, आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक एकदा दाबून बघायचा. ढिला लागला, चिकटला, आवाज आला, तर गाडी तिथेच वळवून परत द्यायची आणि घरी यायला मला फोन करायचा.